एडनच्या आखातातली भारतीय नौदलाची मदत: टँकरवरून अभिप्राय

मी टँकरवर सेकंड ऑफिसर आहे. जॉइनिंगचा निरोप आला की घरचे आधी विचारतात, ‘रूट कुठला?’ त्यांच्यासाठी आणि पहिल्यांदाच एडनच्या आखाताकडे (येमेन आणि सोमालियाच्या मधला समुद्र) निघालेल्या कॅडेट पोरांसाठी हे लिहितोय.

आपल्या नौदलाच्या या मदतीचं बिल येत नाही आणि मदतीला येणारे जहाजाचा झेंडा, म्हणजे ते कुठल्या देशात नोंदलंय, ते बघत नाहीत. मला हीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. २६ जानेवारी २०२४ ला येमेनच्या हूथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र ‘मार्लिन लुआंडा’ या टँकरवर आदळलं, तेव्हा तिच्यावर झेंडा मार्शल आयलंड्सचा होता आणि टाक्यांत नॅफ्था, म्हणजे पेट्रोलसारखं ज्वालाग्राही तेल. नॅफ्थाची वाफ एका ठिणगीने पेट घेते. आग शेजारच्या टाकीत शिरली तर जहाज सोडण्याशिवाय गत्यंतर नसतं. त्यावरचे बावीस भारतीय आणि एक बांगलादेशी खलाशी आगीशी झुंजत असताना ‘आयएनएस विशाखापट्टणम’ची दहा जणांची तुकडी त्या जळत्या जहाजावर चढली. फ्रेंच आणि अमेरिकन युद्धनौकाही धावून आल्या होत्या. आग विझली, सगळे वाचले. अशा जहाजावरून लोक उतरतात हो, चढायला छाती लागते.

त्याच वर्षी ६ मार्चला ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर हूथींचं क्षेपणास्त्र आदळून तिघांचा जीव गेला. ‘आयएनएस कोलकाता’ने एकवीस जणांना वाचवून जिबूतीला पोचवलं, त्यांत भारतीय एकच.

माझा स्वतःचा अनुभव साधा आहे. रात्रीच्या वॉचला चॅनेल १६ वर (सगळी जहाजं ऐकतात ते रेडिओ चॅनेल) आपल्या नौदलाचा आवाज आला, मागचं बंदर, पुढचं बंदर, भारतीय किती, संशयास्पद बोट दिसली का, एवढंच विचारलं. पण ब्रिजवरचा (जहाज चालवतात त्या खोलीतला) ताण त्या दोन मिनिटांत उतरला. तक्रार एकच: निरनिराळ्या देशांच्या सागरी सुरक्षा केंद्रांना तीच माहिती वेगवेगळ्या फॉर्मवर पाठवावी लागते आणि तेवढा वेळ नजर समुद्रावरून हटते.

मात्र क्षेपणास्त्र वाटेतच अडवलं जाईल, या भरवशावर कोणी राहू नये. लाल समुद्रातल्या जहाजांच्या रक्षणासाठी अमेरिकेने केलेल्या आघाडीत भारत गेला नाही. स्वतःच्या दहाहून अधिक युद्धनौका उतरवल्या, पण भर राहिला एडनचं आखात आणि अरबी समुद्रावर. बाब-अल-मांदेब (एडनचं आखात आणि लाल समुद्र जोडणारी सामुद्रधुनी) ओलांडलं की युरोपियन युनियनच्या ‘ॲस्पिडीज’ या नौदल मोहिमेकडे युद्धनौकेची सोबत मागायची, आणि त्यांच्याकडे जहाजं मोजकी. जुलै २०२५ मध्ये लाल समुद्रात ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही मालवाहू जहाजं हूथींच्या हल्ल्यांत एकाच आठवड्यात बुडाली. शेजारी एकही युद्धनौका नव्हती. जगभरच्या जहाजांवर इतके भारतीय काम करतात, मग दक्षिण लाल समुद्रातही आपली युद्धनौका कायम असावी, असं माझं ठाम मत आहे.

तोवर सही करण्याआधी करार नीट वाचा. युद्धक्षेत्रात जायला नकार देण्याचा हक्क आणि नकार दिल्यास परतीचा खर्च कंपनीचा, ही दोन्ही कलमं आहेत का ते बघा. नसतील तर तिथेच विचारा.