उघडं स्वयंपाकघर की बंद?

नव्या घराचा नकाशा पक्का करताना स्वयंपाकघर हॉलला जोडून उघडं ठेवावं की भिंत घालून बंद करावं, इथे अनेकांचं घोडं अडतं.

कळीचा मुद्दा धूर आणि वासाचा. उघड्या मांडणीत तळणाची वाफ पडद्यांत, सोफ्याच्या कापडात मुरते. चिमणी हवीच, तीही हवा घराबाहेर फेकणारी. कोळशाच्या फिल्टरवाली वास थोडा कमी करते, पण ओलावा आतच राहतो. नळी १५० मिलिमीटर व्यासाची, आखूड, एक-दोन वळणांचीच घ्या. तीन-चार कोपरे दिले की ओढ मंदावते आणि आवाज वाढतो. बंद खोलीत खिडकी आणि एग्झॉस्ट पंखा बहुधा पुरतो. मात्र दाराखाली फट ठेवा, नाहीतर खिडकी बंद असताना बाहेरून हवा येत नाही आणि पंखा नुसताच फिरतो.

रांगत्या मुलांवर लक्ष ठेवायला उघडं सोयीचं, पण शेगडीकडे जाणारी वाट अडवणारं छोटं फाटक लागतंच. मिक्सरचा आवाज बंद दारच अडवतं.

खर्चात भिंत वाचते, पण चिमणी आणि दर्शनी फर्निचर ती बचत खाऊन टाकतात. पुढे बदलायचं झालं तर उघड्यात सरकतं काचेचं पार्टिशन बसतं. भिंत पाडताना मात्र ती भार पेलणारी निघू शकते.

रोज तळण-परतण असेल किंवा हॉलमध्येच कुणी अभ्यास करत, झोपत असेल, तर बंद घ्या. मुलं लहान, जागा कमी आणि स्वयंपाक हलका असेल तर उघडं.