न्यू जर्सीत घर बांधताना मातीची परवानगी: डिस्ट्रिक्टची, राज्याची की कुठलीच नाही?

प्लॉट केवढा आणि घर केवढं, हे बाजूला ठेवा. जमीन किती उकरली जाणार, हा आकडा आधी काढा. घराचा पाया ४० बाय ५० फूट असेल आणि चारही बाजूंना यंत्र फिरायला १५ फूट सोडलेत, तर ७० बाय ८०, म्हणजे ५,६०० चौरस फूट झाले. कडेची जागा १० फुटांवर आणली तर ४,२००. त्यात १२ बाय ६० चा ड्राइव्हवे धरला की ४,९२०. मातीचा ढीग कुठे टाकणार, हे अजून ठरायचंच आहे!

उंबरठा ५,००० चौरस फुटांचा आहे. त्याच्या आत १९७५ चा राज्याचा मृदा धूप कायदा लागत नाही. मात्र गावाचे स्वतःचे नियम कडक असू शकतात. ५,००० च्या वर गेलात की सॉइल कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्टचं, म्हणजे त्या भागाच्या मृदा संधारण संस्थेचं, सर्टिफिकेशन लागतं (एडिसन ज्या मिडलसेक्स काउंटीत येतं, तिच्यासाठी फ्रीहोल्ड डिस्ट्रिक्टचं). एका कुटुंबाच्या एकट्या नव्या घराला सूट आहे, पण ती वाटते तेवढी मोठी नाही: पाडकाम आणि जमीन साफ करणं किंवा सपाट करणं कायद्यात वेगळं मोजलं आहे. जुनं घर पाडून नवं बांधणारे इथेच अडकतात.

डिस्ट्रिक्टला निर्णयासाठी ३० दिवस असतात, पण ते अर्ज पूर्ण झाल्यापासून. मंजुरी साडेतीन वर्षं चालते. काम सुरू करण्याआधी लेखी सूचना द्यावी लागते, आणि शेवटी नियम पाळल्याच्या डिस्ट्रिक्टच्या अहवालाशिवाय ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (घरात राहायला जायची परवानगी) मिळत नाही. घर थंडीत तयार झालं तर गवत उगवत नाही. तेव्हा पेंढ्याचं आच्छादन घालून सशर्त अहवाल मागावा.

एक एकर (४३,५६० चौरस फूट, आपले ४० गुंठे) किंवा जास्त जमीन उकरणार असाल तर डिस्ट्रिक्टच्या जोडीला राज्याच्या पर्यावरण खात्याचं ५जी३ परमिटही लागतं. ते ऑनलाइन मिळतं, पण आधी डिस्ट्रिक्टचं सर्टिफिकेशन हवं. दर आठवड्याची तपासणी आणि तिच्या नोंदी तुमच्या गळ्यात. खरा खर्च मात्र वेगळाच: एक एकर उकरलं, किंवा पाव एकर नवं फरसबंद क्षेत्र झालं, की कायमच्या पावसाळी पाण्याची व्यवस्था करावी लागते.

आकडा ४,५०० ते ५,५०० च्या मध्ये असेल तर सर्टिफिकेशन घ्यावं, असं आमचं मत. काठावरच्या हिशेबात एक जादा खड्डा पुरतो, आणि दंड दिवसाला ३,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

साइटवर सर्वाधिक फसते ती सिल्ट फेन्स, म्हणजे गाळ अडवणारं कापडी कुंपण. कापडाचा खालचा भाग ६ इंच चरात गाडला नाही तर पाणी खालून निघून जातं. कुंपण उताराला आडवं हवं. १०० फूट कुंपणामागे पाव एकराहून जास्त क्षेत्राचं पाणी येऊ देऊ नये, आणि गाळ निम्म्या उंचीवर आला की काढावा. मिडलसेक्स-मॉनमथमध्ये काही ठिकाणी आम्लधर्मी माती वर येते: पीएच ४ किंवा कमी असेल तर तिच्यावर पीएच ५ किंवा जास्त असलेल्या मातीचा किमान १२ इंचांचा थर लागतो, नाहीतर गवत जगत नाही. आणि ट्रकांनी दाबलेली जमीन सैल न करता वर ५ इंच सुपीक माती पसरली, तर तपासणीत जमिनीत खुपसून पाहायची तार ६ इंच खाली जात नाही आणि अहवाल अडतो.