मधमाश्यांसाठी घेतलेली पिकअप आणि तिचा वाजणारा फाळका : १४ महिन्यांनंतर

तिसऱ्यांदा वर्कशॉपला जाऊन आलेली गाडी परवा पुन्हा फाळका, म्हणजे माल भरायच्या हौद्याचं मागचं दार, वाजवतच दारात येऊन थांबली, म्हणून लिहायला बसले. एक टनी, डबल केबिन, डिझेल, टू व्हील ड्राइव्ह. १४ महिने, २७,४०० किलोमीटर. इंजिन, वेग पकडण्याची ताकद, ॲव्हरेज याबद्दल ढीगभर लिहिलेलं सापडतं, ते सोडून देते. कंपनीचं नावही घेत नाही.

आधी तो प्रश्न, जो शोरूमपासून भावकीपर्यंत सगळ्यांनी विचारला. गाडी रानात घालणार नाहीस, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद) नको म्हणतेस, मग पिकअप कशाला? मोठी कार घे, नाहीतर लागेल तेव्हा भाड्यानं सांग.

आमचा धंदा मधमाशीपालनाचा. घर इंदापूर तालुक्यात, मेलिफेरा, म्हणजे पेटीत पाळतात त्या युरोपीय माश्यांच्या ७२ पेट्या. डाळिंबाच्या बहराला त्या सांगोल्याकडं जातात, फेब्रुवारीत कांद्याच्या बियाण्याला जालन्याकडं. कांद्याच्या फुलात पराग आधी झडून जातो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो, त्यामुळे दुसऱ्या फुलावरचा पराग कुणीतरी आणून द्यावा लागतो. बियाणेवाले पेट्या भाड्यानं नेतात ते यासाठी. या पेट्या बंद गाडीत नेता येत नाहीत. तोंडाला जाळी लावून कोंडलेल्या माश्या आत जिवाच्या आकांतानं पंख मारतात, गरमी वाढत जाते, मेण मऊ पडतं आणि पोळं खाली बसतं. त्यांना वारा पाहिजे. आणि खडबडीत रस्ता तर अजिबात चालत नाही. मधानं जड झालेलं पोळं एका दणक्यात चौकटीतून सुटतं, राणी चेंगरली तर अख्खी वसाहत मोडते. म्हणजे मला पिकअप हवी होती ती उघड्या हौद्यासाठी, आणि ती डांबरावरच चालवायची होती. रस्ता संपतो तिथं गाडी उभी राहते. पुढं बागेपर्यंत पेट्या आम्ही हातानं नेतो.

भाड्याच्या गाडीचं काय झालं तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी रात्री सांगितलेली एक पिकअप आली. आदल्या दिवशी तिच्यात कीटकनाशकाचे कॅन वाहिले होते, आणि ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. अंधारात हौदा ओला दिसला, पाणी असेल म्हणून पेट्या भरल्या. सकाळी तिकडं जाऊन जाळ्या काढल्या तर खालच्या थरातल्या ११ पेट्यांतून माश्या बाहेरच येईनात. दाराशी मेलेल्या माश्यांचा थर, बोटभर जाड, सगळ्यांच्या जिभा बाहेर आलेल्या. दोन वर्षं वाढवलेल्या वसाहती होत्या त्या. हौद्यात काल काय होतं हे ज्या गाडीबद्दल माहीत नाही, त्या गाडीत माझी पेटी पुन्हा चढणार नाही, हे मी तिथंच ठरवलं. गाडी घेण्याचं पहिलं कारण हेच.

दुसरं कारण यंदा कळलं. माशी आपल्या पेटीची जागा पक्की ध्यानात ठेवते. पेटी हलवायची तर दोन-तीन फूट, नाहीतर एकदम तीन किलोमीटरच्या पुढं. मधल्या अंतरावर ठेवली तर कामकरी माश्या जुन्या जागी परत जातात आणि तिथं घिरट्या घालून मरतात. फेब्रुवारीत सांगोल्याच्या एका डाळिंबवाल्या काकांचा सव्वापाचला फोन आला, ‘वहिनी, शेजारचा उद्या पहाटे औषध मारतोय, मला आत्ताच कळलं.’ पूर्वी अशा वेळी मी सात-आठ गाडीवाल्यांना फोन लावत बसायचे. माश्या म्हटलं की निम्मे नाही म्हणत, उरलेले दुप्पट मागत. या वेळी सहाला निघालो, आठला बागेत. अंधार पडून सगळ्या माश्या आत आल्या होत्या. ३६ पेट्यांना जाळ्या लावल्या, दहापर्यंत भरल्या आणि महूदच्या पुढं, नऊ किलोमीटरवर एका ओळखीच्यांच्या पडीक रानाच्या कडेला उतरवल्या. पहाटे औषध पडलं. आमची एक पेटी गेली नाही. त्या रात्री गाडीचा १७ हजारांचा हप्ता पहिल्यांदा जड वाटला नाही.

भरण्याची रीत नव्या लोकांसाठी लिहिते. आमच्या हौद्यात लांबीला तीन, रुंदीला चार अशा १२ पेट्या एका थरात बसतात. तीन थर, ३६ पेट्या, अंदाजे ९०० किलो. पेटीची लांब बाजू गाडीच्या लांबीच्या दिशेनं ठेवायची, म्हणजे आतल्या चौकटीही त्याच दिशेनं राहतात आणि ब्रेक मारला तरी एकमेकींवर आपटत नाहीत. सगळ्यात मागची रांग फाळक्याला टेकते. आणि इथून माझं दुखणं सुरू होतं.

पहिल्याच महिन्यात जालन्याहून रिकामं परतताना फाळका वाजायला लागला. खडखड नाही, बारीक किणकिण, चाळीसच्या वर गेलं की सुरू. माणसाच्या कानाला हे काहीच नाही. पण माशी हवेतला आवाज फारसा घेत नाही, लाकडातून पायांना येणारा थरथराट घेते. फाळक्याला टेकलेल्या पेटीवर तळहात ठेवून बघा. पुढच्या रांगेतली पेटी एका सुरात गुणगुणते, मागच्या रांगेत तोच सूर चढतो, तुटतो, परत चढतो. पुढच्या एका फेरीत बारा पेट्या भरून येताना टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हा मी एकेक पेटी अशी हातानं तपासली होती. बारापैकी मागच्या चारच अस्वस्थ.

वर्कशॉपला पहिल्या वेळी कडीला ग्रीस लावलं. दुसऱ्या वेळी बिजागरीचे नट आवळले. परवा तिसऱ्या वेळी म्हणाले, ‘ताई, मालाच्या गाडीला एवढा आवाज असतोच,’ आणि ‘जनरल तपासणी’ म्हणून ६४० रुपयांचं बिल हातात ठेवलं. मी काउंटरवर अर्धा तास उभी होते. फाळका एकदा उघडून आत काय सुटलंय ते बघा, एवढंच मागत होते. कुणी पाना हातात घेतला नाही. अकरा लाखांच्या वस्तूला आवाज असतोच हे उत्तर मला पटत नाही. माझ्या धंद्यात त्या आवाजाचे पैसे जातात.

आमच्या गावातल्या वेल्डिंगवाल्यानं मात्र गेल्या मार्चमध्ये दहा मिनिटांत कारण शोधलं होतं. कडी बसते त्या खाचेत सुपारीएवढी फट. त्यानं पट्टीचा तुकडा जोडला, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची घडी बांधली, दीडशे रुपये घेतले. पाच महिने फाळका मुका होता. पावसाळ्यात ट्यूब सडली आणि किणकिण परत आली.

आता इथं मला माझंच मत थोडं बदलावं लागलं, तेही लिहिणं भाग आहे. गेल्या एप्रिलात, फाळका अगदी गप्प असताना, कडुनिंबाच्या फुलोऱ्याला पेट्या हलवल्या. साडेसातला भरल्या. तासाभरानं थांबून हात लावला तर खालच्या थरातल्या बाराच्या बारा पेट्या उसळत होत्या, जाळीवर माश्यांचे झुपके, आणि तापलेल्या मेणाचा तो वास, जो एकदा आला की विसरत नाही. गाडी दिवसभर उन्हात उभी होती. हौद्याच्या पत्र्यावर हात टेकवत नव्हता, आणि मी त्यावरच पेट्या ठेवल्या होत्या. त्या दिवसापासून भरण्याआधी हौद्यावर दोन वेळा पाणी मारते, खाली लाकडी फळ्या आणि ओली गोणपाटं अंथरते. म्हणजे मागं जेवढं खापर मी फाळक्यावर फोडलं, त्यातलं थोडं तापलेल्या पत्र्याचं असणार. तरी मागच्या चार पेट्यांचा चढलेला सूर थंडीतल्या रात्रीचा होता, तेव्हा पत्रा गार होता. फाळक्यावरची तक्रार मी मागं घेत नाही.

बाकीचं थोडक्यात. रिकाम्या गाडीत पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) अंग खिळखिळं करतात, ९०० किलो पडले की तीच गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जाते. वेग ८० ला बांधलेला आहे, मला ५५ च्या वर जायचंच नसतं. धंद्याच्या गाडीची पिवळी नंबरपाटी, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस तपासणी. एका एजंटानं ‘बायकांना हिच्यासाठी वेगळं लायसन्स’ म्हणून पैसे मागितले होते. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगून टाकलंय की एकूण वजन ७,५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं. कारचं लायसन्स असलेल्या बायांनी हे ध्यानात ठेवावं, मी त्याच लायसन्सवर चालवते.

डबल केबिनसाठी हौद्याची लांबी गेली, ही गोष्ट मला आधी खुपायची. सिंगल केबिन घेतली असती तर आणखी १२ पेट्या बसल्या असत्या. पण भाड्याच्या गाडीत आमची कामाची दोन पोरं रात्रभर पेट्यांवर बसून यायची. मालाच्या हौद्यात बसलेल्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर विमा पाठीशी उभा राहीलच असं नाही, आणि राहिला असता तरी कुणाच्या आईला मी काय सांगणार होते? आता ती मागच्या सीटवर पट्टा लावून झोपतात. सासूबाई पंढरपूरला याच सीटवर बसून जातात, गुडघे दुखत नाहीत म्हणतात.

घरात एकच वाद झाला. भाऊजींनी युरियाच्या गोण्या आणि औषधाचे दोन कॅन आणायला गाडी मागितली. ‘घरची गाडी असून भाड्यानं आणू का?’ मी म्हटलं, ‘भाऊजी, कडबा न्या, पेंड न्या, म्हशीचं रेडकू न्या, पण औषध नाही.’ आठ दिवस बोलले नाहीत. मग ते ११ पेट्यांचं साल त्यांना यांनीच आठवून दिलं. आता गाडी मागतात तेव्हा काय भरणार ते आधी सांगतात.

फाळक्यासाठी परत वर्कशॉपला जाणार नाही. वेल्डिंगवाला म्हणाला, ट्यूबऐवजी कन्व्हेअर बेल्टचा तुकडा बसवू, तो सडत नाही, तीनशे रुपये. सोमवारी त्याच्याकडं नेणार आहे. आज रात्री कडुनिंबाला ३६ पेट्या जायच्यात. चारलाच हौद्यावर एकदा पाणी मारलंय, गोणपाटं भिजत घातलीत, आणि कडीला तात्पुरती नवी ट्यूब बांधून मागची रांग मी स्वतः लावणार आहे.