सात महिने स्क्रीन टाइम मोजल्यावर

फोनवरचा वेळ मोजायची सोय अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत २०१८ पासून आहे. मी ती पहिल्यांदा उघडली सात महिन्यांपूर्वी. दिवसाचे साडेचार तास दिसले, पण त्यात कामही होतंच, त्यामुळे फारसं वाटलं नाही. पोटात गोळा आला तो दुसऱ्या आकड्याने: अनलॉक ११८ वेळा. म्हणजे जागेपणी दर आठ मिनिटांनी एकदा.

आधी ॲप टायमर लावले. वेळ संपली की आयकॉन राखाडी होतो, ॲप उघडत नाही. पण सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा वाढवायला दहा सेकंद पुरतात, आणि दुसऱ्याच आठवड्यात मी ती रोज वाढवत होतो. शिवाय मध्यरात्री मोजणी नव्याने सुरू होते. उशिरापर्यंत जागणाऱ्याला बारानंतर आयता नवा कोटा. नुसत्या टायमरवर विसंबू नका, असंच मी सांगेन.

खरा फरक पडला तो आयकॉनची जागा बदलल्यावर. व्हिडिओचं ॲप मी होम स्क्रीनवरून काढलं, तरी पुढचे कितीतरी दिवस अंगठा त्याच कोपऱ्यात जायचा. डोकं दुसरीकडे, अंगठा तिथे! मग त्या जागी शब्दकोश ठेवला. आता सवयीने बोट पडलं की शब्दकोश उघडतो. वाचताना अडलेला एखादा शब्द आठवतो, तो बघतो आणि फोन खाली ठेवतो. या एका बदलाचं मला फार समाधान आहे.

नोटिफिकेशन फक्त कॉल आणि माणसांच्या मेसेजना ठेवली. रात्री नऊनंतर स्क्रीन कृष्णधवल होते. दिवसा हे जमत नाही, कारण नकाशावरचा लाल-हिरवा ट्रॅफिक ओळखू येत नाही. गजराचं वेगळं घड्याळ आणलं आणि फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावला. सकाळचा पहिला अर्धा तास त्यामुळेच परत मिळाला.

आता अनलॉक पन्नासच्या आसपास असतात. स्क्रीन टाइम सव्वातीन तास, पण त्यातला जवळजवळ तासभर ई-बुकचा. म्हणून मी तासांकडे फार बघत नाही. पुस्तकाचा तास आणि रीळचा तास बेरजेत सारखेच दिसतात.

कामाचा ग्रुप मात्र अजून सुटलेला नाही. तो म्यूट करता येत नाही आणि एकदा उघडला की बाकीचंही बघितलं जातं. या आठवड्यापासून तो फक्त लॅपटॉपवर बघायचं ठरवलंय.