महापालिकेचे तक्रार ॲप : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच्या वापरानंतर

आमच्या महापालिकेने नागरिकांच्या तक्रारींसाठी काढलेले मोबाइल ॲप मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडापासून नियमित वापरतो आहे. शहराचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मुंबई महानगर प्रदेशातल्या बहुतेक वाढत्या शहरांत थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे : मध्ये जुनी गावठाणे, भोवती नव्वदच्या दशकातल्या चार मजली सोसायट्या आणि त्यांच्याही पलीकडे, रस्ता होण्याआधीच उभे राहिलेले टॉवर. सोसायटीच्या सभेत कोणी विचारले की हे ॲप घ्यावे का, तर मी अवश्य घ्या असेच सांगतो. मात्र तक्रार केली की काम होईल, या भरवशावर घेणार असाल तर निराशा पदरी येण्याचाच संभव अधिक आहे.

आधी जमेची बाजू. ॲप मराठीत आहे आणि तक्रारींचे प्रकार ज्याने ठरवले त्याला प्रभाग कार्यालयाच्या खिडकीवर लोक काय बोलतात हे ठाऊक असावे. ‘गटार तुंबणे’, ‘चेंबरला झाकण नसणे’, ‘घंटागाडी न येणे’, ‘पथदिवा बंद असणे’ अशा शब्दांत यादी असल्यामुळे शेजारच्या काकूंनाही ती न विचारता वापरता येते. फोटो काढला की ठिकाण आपोआप नोंदले जाते आणि तक्रार क्रमांक लगेच संदेशाने येतो. पूर्वी याच कामासाठी दोन प्रतींत अर्ज लिहून आवक विभागात जावे लागे, एका प्रतीवर शिक्का मारून पोच मिळवावी लागे आणि पुढच्या खेपेला ‘साहेब साइटवर गेलेत’ हे ऐकून परतावे लागे. कल्याण-डोंबिवलीने २००२ च्या सुमारास महापालिकेचा कारभार संगणकावर आणून राज्याला वाट दाखवली होती. ती सोय आमच्यापर्यंत खिशातल्या फोनवर पोहोचायला मधली बरीच वर्षे जावी लागली.

कचऱ्याच्या तक्रारीला मिळणारा प्रतिसाद खरोखर चांगला आहे. कोपऱ्यावर ढीग साचल्याचा फोटो सकाळी टाकला, तर बहुधा दुपारपर्यंत मुकादमाचा फोन येतो आणि गाडी येऊन जाते. स्वच्छ सर्वेक्षणात शहराचा क्रमांक ठरताना नागरिकांच्या तक्रारींचे काय झाले हेही पाहिले जात असल्यामुळे या खात्यावर वरून दट्ट्या असतो, असे मला वाटते. पथदिव्यांचेही बरे चालते, फक्त खांबावर रंगवलेला क्रमांक तक्रारीत लिहायला विसरू नये. नुसते ‘मंदिराजवळचा दिवा’ असे लिहिले तर वायरमन दुसऱ्याच मंदिराजवळ जाऊन येतो आणि ‘दिवा सुरू आहे’ असा शेरा मारून मोकळा होतो.

खरी अडचण तक्रार ‘निकाली’ निघते तिथे सुरू होते. भर पावसात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चेंबरचे झाकण फुटले. खड्ड्यात कोणीतरी झाडाची फांदी आणि तिच्यावर लाल फडके खोचून ठेवले होते; रात्री पाणी भरले की तेही दिसत नसे. तक्रार नोंदवली आणि काही दिवसांनी ती निकाली निघाल्याचा संदेश फोटोसह आला. फोटोत कोरे करकरीत काँक्रीटचे झाकण होते आणि त्याच्या मागे एका दुकानाचे हिरवे शटर दिसत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान नाही, एका शाळेची भिंत आहे. झाकण कुठेतरी बसले होते यात शंका नाही, फक्त ते आमचे नव्हते. तीच तक्रार पुन्हा उघडण्याची सोय ॲपमध्ये नाही. नवी करावी लागते आणि तिला नवा क्रमांक मिळतो. त्यामुळे महापालिकेच्या हिशेबी एक तक्रार वेळेत सुटली आणि दुसरी आजच आली, असा अर्थ होतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानेच ती बंद करायची आणि तक्रारदाराला विचारायचेही नाही, हा या ॲपमधला सर्वांत मोठा दोष आहे आणि तो तांत्रिक आहे असे मी मानत नाही. ‘काम झाले का?’ असे विचारणारी एक खिडकी ॲपमध्ये उघडणे कोणत्याही प्रोग्रामरसाठी अवघड नाही. पण ती उघडली, की निकाली निघालेल्या तक्रारींची टक्केवारी खाली येईल.

दुसरा प्रकार हद्दीचा. वाढत्या शहरात एकाच रस्त्याचे मालक अनेक असतात. विकास आराखड्यातला (डीपी) रस्ता महापालिकेचा, त्याला छेदणारा महामार्ग दुसऱ्या यंत्रणेचा, वरचा उड्डाणपूल तिसऱ्या प्राधिकरणाचा आणि खालून जाणारी विजेची केबल वीज कंपनीची. पुलावरचे पाणी ज्या पाइपने खाली सोडले आहे तो तुटलेला असल्यामुळे पुलाखाली तळे साचते, अशी तक्रार मी केली, तेव्हा ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ असा शेरा मारून ती बंद झाली. ती कोणाच्या अखत्यारीत येते हे सांगण्याची किंवा तिकडे पाठवून देण्याची तसदी कोणी घेतली नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे वर्ग करावा, असे २००५ चा कायदा सांगतो. तक्रारीच्या बाबतीत आपल्या ॲपला अशी सक्ती नाही.

मग हे ॲप घ्यायचे ते कशासाठी? माझ्या मते त्या तक्रार क्रमांकासाठी. तारीख, वेळ, फोटो आणि ठिकाण यांची ही नोंद महापालिकेच्याच दप्तरात झालेली असते, म्हणून ती नाकारता येत नाही. आमच्या मागच्या रस्त्याचे डांबर एका पावसात उखडले, तेव्हा खड्ड्यांत खडी आणि पेव्हर ब्लॉक टाकून तक्रारी बंद करण्याचा सपाटा सुरू झाला. चार सोसायट्यांच्या रहिवाशांनी आपापले तक्रार क्रमांक एकत्र केले आणि त्या रस्त्याच्या कामाच्या कार्यादेशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागितली. शुल्क दहा रुपये. अर्ज मात्र महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत बसवावा लागतो. रस्ता अजून दोषदायित्व कालावधीत असल्याचे, म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करून द्यायची असल्याचे, त्या कार्यादेशातून कळले. पुढच्या भेटीत कनिष्ठ अभियंत्यापुढे कार्यादेश आणि तक्रारींची यादी शेजारी शेजारी ठेवल्यावर निधी नसल्याचे कारण त्याला पुढे करता आले नाही. रस्ता पूर्ण झाला असे मी म्हणणार नाही, पण निम्म्या भागावर नवा थर पडला आहे.

ज्यांना अर्ज करून महिनाभर थांबायचे नसेल त्यांनी सोमवारची सोय लक्षात ठेवावी. जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा शासन निर्णय २०१८ मध्ये निघालेला आहे. प्रभाग कार्यालयातल्या अनेकांनाच तो ठाऊक नसतो, म्हणून त्याची छापील प्रत सोबत न्यावी हे बरे.

एक गफलत अनेकांची होते, ती इथेच सांगतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो हे खरे आहे, पण तो कायदा अधिसूचित सेवांना लागू होतो : जन्म-मृत्यूचा दाखला, मालमत्ता कराचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, नळजोडणी अशा. तुंबलेले गटार ही त्या अर्थाने सेवा नाही. त्यामुळे दाखल्याचे काम अडले असेल तर तक्रार ॲपवर वेळ न दवडता त्या कायद्याखालचे अपील करावे. त्याला मुदत आहे आणि उत्तरदायी अधिकारी कोण हेही ठरलेले आहे.

ॲपचा वापर आमच्याकडे एवढा वाढण्याचे एक कारण राजकीय होते. मुदत संपूनही निवडणूक न झाल्यामुळे राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर कित्येक वर्षे प्रशासक होते आणि नगरसेवकाच्या दारात जाण्याची सवय असलेल्या लोकांना जायला दार उरले नव्हते. १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांसाठी मतदान झाले आणि दारे पुन्हा उघडली. आता ॲपची गरज संपली असे म्हणणारे आमच्या सोसायटीतही आहेत. मला ते पटत नाही. मुंबई वगळता बहुसदस्यीय प्रभाग आहेत, बऱ्याच ठिकाणी एका प्रभागात चार नगरसेवक आहेत आणि काम कोणाचे हा प्रश्न चौघांत विभागला की त्याचे उत्तर कोणाकडेच नसते. महापालिका अधिनियमात प्रभाग समितीची तरतूद आहे, तिच्यावर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. मतदारांची क्षेत्रसभा भरवण्याची तरतूदही २००९ मध्ये आली, मात्र आमच्या भागात ती कधी भरल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. ॲपवरच्या तक्रारींची प्रभागवार यादी दर महिन्याला प्रभाग समितीपुढे ठेवली गेली तर समितीला बोलायला विषय मिळेल आणि यादीला वाचणारा मिळेल. सध्या ती यादी नागरिकांना दिसतच नाही. प्रत्येकाला फक्त स्वतःच्या तक्रारी दिसतात आणि शेजारच्या इमारतीने तेच गटार आधीच नोंदवले आहे हे कळायला व्हॉट्सॲपचा गट लागतो.

राहता राहिला नोंदणीचा प्रश्न, आणि तो किरकोळ नाही. खाते उघडताना मालमत्ता कराचा क्रमांक मागितला जातो. घरमालकाला तो बिलावर सापडतो; भाडेकरूला मालक तो देतोच असे नाही, आणि चाळीतल्या अनेक खोल्यांना स्वतंत्र क्रमांकच नाही. या शहरात नोकरीसाठी आलेली निम्मी ओळखीची मंडळी भाड्याने राहतात, गटाराचे पाणी त्यांच्याही उंबऱ्यापर्यंत येते, पण ॲपच्या लेखी ती नागरिक नाहीत. भाडेकराराचा नोंदणी क्रमांक चालावा अशी सूचना मी ॲपच्या अभिप्रायात लिहिली आहे. उत्तर आलेले नाही. तोवर आमच्याकडचे भाडेकरू आणि मागच्या चाळीतले लोक आमच्या सेक्रेटरींच्या फोनवरून तक्रारी टाकतात. त्यामुळे त्यांच्या एकट्याच्या नावावर एवढ्या तक्रारी जमल्या आहेत की मागच्या आठवड्यात प्रभाग कार्यालयातून त्यांना फोन आला, ‘काका, तुम्ही नेमके राहता तरी किती घरांत?’