नव्या घरातल्या भेगा आणि डब्यातली क्रॅक पेस्ट: कुठे चालते, कुठे नाही

डब्यात तयार मिळणारी ॲक्रिलिक क्रॅक पेस्ट हे माल म्हणून चांगलं उत्पादन आहे. तक्रारी येतात त्या बहुतेक चुकीच्या भेगेत भरल्यामुळे.

तिचं खरं काम १ ते ५ मिलिमीटर रुंदीच्या, हालचाल थांबलेल्या भेगांचं. वायरिंगसाठी मारलेल्या झिरीवर उमटणारी सरळ भेग हे त्याचं नेमकं उदाहरण. प्लास्टरवर केसासारख्या जाळीदार भेगा असतील तर पेस्टची गरजच नाही. प्लास्टरच्या मालात सिमेंट जास्त पडलं, वाळू फार बारीक होती किंवा पाणी नीट मारलं नाही की प्लास्टर वाळताना आकसतं आणि असं जाळं पडतं. ते पुट्टीच्या दोन हातांत, म्हणजे थरांत, झाकलं जातं.

बीम किंवा कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली भेग मात्र नुसत्या पेस्टने बुजत नाही. काँक्रीट आणि विटा तापमानाप्रमाणे वेगवेगळ्या सरकतात, त्यामुळे भेग त्याच जागी पुन्हा उघडते. खरं तर प्लास्टर करतानाच सांध्यावर चिकन मेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, बसायला हवी होती. ती नसेल तर पेस्टच्या थरात फायबरग्लासची जाळीपट्टी दाबून बसवा. तरीही सांधा जोरात हलत असेल तर त्या पट्ट्यातलं प्लास्टर काढून मेश घालणं हाच उपाय. डब्यावरच्या ‘इलॅस्टिक’ शब्दावर फार विसंबू नका. पेस्ट किरकोळ हालचाल सोसते, एवढाच त्याचा अर्थ.

भरण्याआधी भेग पत्र्याच्या (पुट्टी ओढायच्या पात्याच्या) टोकाने व्ही आकारात साधारण ५ मिलिमीटर उघडा आणि ब्रशने धूळ पूर्ण काढा. हीच पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते, आणि मग पेस्ट भिंतीला न चिकटता धुळीला चिकटते. पत्रा भेगेला आडवा चालवून पेस्ट आत दाबा. एका वेळी २-३ मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. पाणी उडालं की पेस्ट थोडी बसते, म्हणून शेवटचा हात किंचित उंच ठेवा आणि पूर्ण वाळल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. त्यावर प्रायमर हवाच. नाहीतर ती जागा रंग वेगळा शोषते आणि तिरप्या उजेडात चट्टा दिसतो.

पुट्टीशी तुलना केली तर व्हाइट सिमेंटची पुट्टी स्वस्त आणि कडक, पण ती पातळ थरासाठी, दोन हात मिळून सुमारे दीड मिलिमीटर. जाड भेगेत ती स्वतःच तडकते. उलट, अख्खी भिंत पेस्टने ओढणं म्हणजे पैसे वाया.

ओलीवर ही पेस्ट काहीच करत नाही. नव्या सिमेंट प्लास्टरला किमान २८ दिवस द्या आणि मग ४५ सेंटिमीटर चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने भिंतीवर चिकटवून १६ तास ठेवा. आत थेंब धरले किंवा भिंत काळपट दिसली तर रंगाचा डबा उघडू नका. पांढरी भुकटी फुटली असेल तर ती कोरड्या ब्रशनेच काढा. पाण्याने धुतली तर क्षार विरघळून परत आत जातात. ओलीचा मार्ग बंद होईपर्यंत ती पुन्हा येणारच.

पत्र्याच्या मुठीने भिंत ठोकून पाहा. भेगेभोवती आवाज पोकळ आला तर प्लास्टर विटांपासून सुटलं आहे. ते काढून नवं करावं लागतं, वर पेस्ट भरून पोकळी जात नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी धावणारी भेग दिसली तर दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण आणि तारीख टाका. ती खुणेपुढे सरकली किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसली तर रंगाऱ्याऐवजी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

बिल्डरकडून दुरुस्ती मिळणार असेल तर पेस्टचा डबा आणण्याआधी प्रत्येक भेगेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. भेग एकदा भरली की तिची रुंदी दाखवायला काही उरत नाही.