लष्करी शिल्लक काडतुसं .३०८ मध्ये: आठ महिने, २७१ बार आणि नळीतला गंज

परवा शनिवारी रेंजवर चाप ओढला तेव्हा आधी नुसतं ‘टक’ झालं. गोळी सुटली नाही. रायफल खांद्याला तशीच लावून ठेवली, आणि मग बार झाला. मध्ये अर्धा सेकंद गेला असेल, फार तर पाऊण. इथले लोक याला हँगफायर म्हणतात. तेवढ्या वेळात घाईघाईने बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) उघडला असता तर पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, नळीच्या बाहेर, माझ्या तोंडापाशी फुटली असती.

या काडतुसांबद्दल जुलैमध्ये अर्धं लिहून ठेवलं होतं. ते अर्धं सगळं कौतुकाचं होतं. ते खोडत नाही, कारण तेव्हा जे वाटलं ते खरंच वाटलं होतं.

पेन्सिल्व्हेनियात राहतो. हरणाच्या शिकारीसाठी .३०८ विंचेस्टरची साधी बोल्टची रायफल आहे. मार्चमध्ये तिच्यात बसणाऱ्या लष्करी ७.६२×५१ काडतुसांचे (यालाच ७.६२ नाटो म्हणतात) दोनदोनशेचे दोन सीलबंद डबे घेतले. एक काडतूस ६२ सेंटला पडलं. दुकानात शिकारीचं सॉफ्ट पॉइंट (आत गेल्यावर फुलणाऱ्या गोळीचं) काडतूस पावणेदोन डॉलरला एक, म्हणजे चारशे काडतुसांमागे साडेचारशे डॉलर वाचले. वर्षभर सरावाला जायचं तर हा फरक माझ्यासारख्याला फार मोठा आहे. काडतुसं कुठल्या देशाची ते लिहीत नाही, कारण त्याच देशाचा दुसरा लॉट चांगला असू शकतो. बुडावरच्या शिक्क्यावरून साधारण १९६०च्या आसपासची.

घेण्याआधी महिनाभर एकाच प्रश्नावर वाचत होतो: ७.६२ नाटो आणि .३०८ एकच आहेत का? विंचेस्टरने .३०८ बाजारात आणलं १९५२ मध्ये, नाटोने ७.६२ स्वीकारलं १९५४ मध्ये. बाहेरून मापं जवळपास तीच. घोळ होतो तो दाबाच्या आकड्यांवरून. .३०८ ची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड) आणि लष्करी काडतुसाची ५०,००० असं कुठेतरी वाचून लोक ठोकून देतात की लष्करी काडतूस कमजोर आहे. पण ते ५०,००० जुन्या पद्धतीचे आहेत, तांब्याचा छोटा ठोकळा दाबाने किती चेपला जातो ते मोजून काढलेले. त्याच पद्धतीने .३०८ मोजलं तर तेही ५२,००० च येतं. म्हणजे दोघांत फरक नाहीच म्हणा.

खरा फरक चेंबरच्या, म्हणजे नळीत मागे काडतूस बसतं त्या जागेच्या, लांबीत आहे. .३०८ चं किमान हेडस्पेस (बंद बोल्टपासून पुंगळी पुढे अडते तिथपर्यंतचं अंतर) १.६३० इंच, लष्करी चेंबरचं १.६३५५ इंच. साडेपाच हजारांश इंच म्हणजे जाड कागदाच्या एका पानाएवढी फट. लष्करी पुंगळी जाड पितळेची असते, ती ही फट सोसते. त्यामुळे जपायचं ते उलट्या बाजूने: पातळ पुंगळीचं बाजारी काडतूस लांब लष्करी चेंबरमध्ये घालताना. आपल्या भारतातल्या ईशापूरच्या कारखान्यातल्या २ए१ रायफली, १९६०च्या दशकात ७.६२ साठी बनवलेल्या, इथे बऱ्याच जणांकडे आहेत आणि त्यांच्यात .३०८ घालावं की नाही यावर लोक अजून हातघाईवर येतात. माझ्या रायफलीत प्रकरण सोप्या बाजूचं होतं. काडतूस अलगद बसत होतं, बोल्ट अडकत नव्हता, झाडलेल्या पुंगळीची टोपी (बुडातली, ठिणगी पाडणारी) जास्त दाबाने चपटी झालेली नव्हती. एवढं बघून मी निर्धास्त झालो.

(.२२३ आणि लष्करी ५.५६ ही अशीच दुसरी, लहान काडतुसांची जोडी. .२२३ ची रायफल असलेल्यांनी माझं हे वाचून ५.५६ घालायला जाऊ नये. तिथे लष्करी काडतुसाचा दाब खरोखर जास्त असतो आणि .२२३ च्या चेंबरमध्ये गोळीपुढची मोकळी जागा कमी. अमेरिकेतली मापं ठरवणारी सामी ही संस्था ती जोडी असुरक्षित मानते.)

जूनपर्यंत १८० बार झाले. शंभर यार्डांवर पाच गोळ्या अडीच-तीन इंचांत. सरावाला पुष्कळ झालं.

जुलैचं लिखाण इथे संपतं.

ऑगस्टमध्ये पुसायला रायफल काढली आणि पॅच, म्हणजे नळीतून फिरवायचा कापडाचा तुकडा, तपकिरी निघाला. पहिल्यांदा वाटलं तांब्याचा मळ असेल. पण तो हिरवट-निळा येतो. हा विटेच्या रंगाचा होता. दुसरा पॅच तसाच, तिसराही. नळी उजेडाकडे धरली तर चेंबरच्या पुढच्या बोटभर भागात चमक गेलेली, तिथे बारीक राखाडी ठिपके. प्रत्येक वेळी रेंजवरून आल्या आल्या साफ करून तेल लावत होतो, एकदाही आळस केलेला नाही. म्हणूनच फार लागलं.

जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, ‘नॉन-कोरोझिव्ह’, म्हणजे गंज न आणणारी. मग घरीच चाचणी केली. दोन काडतुसांतली गोळी आणि दारू काढली, रायफलीत नुसती टोपी उडवली आणि तिची झळ नळीच्या तोंडाशी धरलेल्या स्वच्छ लोखंडी खिळ्यावर घेतली. शेजारी एक कोरा खिळा. दोन्ही बाथरूमच्या खिडकीत ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोरा खिळा होता तसा, आणि झळ लागलेल्या खिळ्यावर केशरी लव आली होती, बोट फिरवलं तर बोटाला लागणारी.

कारण साधं आहे. जुन्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. वर्षानुवर्षं साठवलं तरी ते दगा देत नाही, म्हणून लष्करांना ते आवडायचं, अमेरिकी लष्करानेही आपल्या जुन्या .३०-०६ काडतुसांसाठी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तेच वापरलं. बार झाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे एक प्रकारचं मीठच, आणि ते नळीत चिकटून बसतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, अगदी तसंच नळीतल्या त्या थराला हवेतल्या दमटपणाने पाणी सुटतं आणि ते पोलाद खातं. तेलात मीठ विरघळत नाही. मी दर वेळी त्या मिठावर तेलाचा थर चढवत होतो आणि वर समाधानाने रायफल कपाटात ठेवत होतो.

उपाय पाणी. कडकडीत गरम, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, फनेल लावून चेंबरकडून ओतायचं, तीनदा. बोल्टचं तोंडही धुवायचं, तिथेही मीठ असतं. नळी तापली की स्वतःच वाळते, मग कोरडे पॅच आणि शेवटी तेल. सौभाग्यवतींनी चहाची किटली द्यायला नकार दिला, ते बरोबरच होतं. जुन्या वस्तूंच्या दुकानातून तीन डॉलरला वेगळी आणली. काच पुसायचं अमोनियाचं द्रावण वापरा असं बरेच जण सांगतात. त्यातलं काम पाणीच करतं, अमोनियाचा इथे काही उपयोग नाही.

विक्रेत्याला खिळ्यांचे फोटो पाठवले. उत्तर आलं की दारूगोळा परत घेतला जात नाही. दुसऱ्या पत्राला उत्तर, की लष्कराच्या मूळ कागदांवर जे होतं ते आम्ही लिहिलं. पाच पत्रांनंतर ४० डॉलरची सूट, तीही पुढच्या खरेदीवर. दहा रुपयांचा माल घेतानाही माणूस पाटीवर विश्वास ठेवतो. ज्यांनी ‘नॉन-कोरोझिव्ह’ लिहिलं त्यांनी एक टोपी उडवून बघायला हवी होती, दोन दिवसांचं काम आहे.

तरीही सप्टेंबरमध्ये मत असं होतं: पाणी ओतायची तयारी असेल तर घ्या. अण्णांशी बोलल्यावर ते डळमळलं. अण्णा म्हणजे माझे वडील, वरणगावच्या आयुध निर्माणीतून (ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव, ओएफव्ही) निवृत्त झाले. इथल्या रेंजवर टाकलेल्या पितळेच्या बादलीत एकदा ‘ओएफव्ही’ शिक्क्याची रिकामी पुंगळी सापडली होती, तिचा फोटो पाठवला तेव्हा त्यांना फार आनंद झाला होता. आता या डब्यांचं सांगितलं, वर्ष सांगितलं. ते म्हणाले, “वर्ष राहू दे रे. साठ वर्षं ठेवली कुठं होती ते सांग.”

ते मला माहीत नाही. विक्रेत्यालाही नाही. थंड कोठारात की पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात, हे डब्यावर लिहिलेलं नसतं. अण्णा म्हणाले पुंगळीची मान बघ. दुसऱ्या डब्यातली सगळी भिंगाखाली पाहिली. अकरा पुंगळ्यांच्या मानेवर केसासारखी उभी चीर होती. हे दुखणं जुनं आहे. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेली काडतुसं अशीच तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत पितळेला लागायचा. कारण नीट उलगडलं ते १९२१ मध्ये, पण इंग्रजीत त्याला ऋतूवरून ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव तिथूनच राहिलं. चिरलेल्यांपैकी एक उघडलं. दारूला आंबट, नाकाला झोंबणारा वास होता आणि गोळीच्या बुडाला हिरवं साचलं होतं. दारू कुजायला लागली की असा वास येतो, आणि कुजलेली दारू किती दाब देईल याचा भरवसा कुणी देऊ शकत नाही. महिनाभर ज्या ५०,००० आणि ६२,००० वर डोकं घातलं, ते दोन्ही आकडे ताज्या काडतुसाचे होते.

ती अकरा बाजूला काढली, ‘चांगली’ निवडून वापरत राहिलो. शनिवारचा हँगफायर त्या निवडलेल्यांतलाच. त्याच्या पुढचं काडतूस उडालंच नाही. नळी निशाणाकडे धरून पूर्ण एक मिनिट मोजलं, मग बोल्ट उघडला. टोपीवर खळगा खोल आणि नीट मधोमध. रायफलीचा दोष नव्हता. त्या दिवशी थांबलो.

शिकारीला ही काडतुसं मी कधीच नेली नाहीत, नेताही येत नाहीत. पेन्सिल्व्हेनियात मोठ्या जनावरासाठी पूर्ण शिशाची किंवा आत गेल्यावर फुलणारी गोळी लागते, आणि लष्करी गोळी पूर्ण आवरणाची, न फुलणारी. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातल्या फुलणाऱ्या गोळ्यांवरून वाद पेटला आणि १८९९ मध्ये हेगला युद्धात तशा गोळ्यांवर बंदी आली. माणसावर जी चालत नाही तीच हरणासाठी सक्तीची, आणि ते योग्यच आहे. न फुलणारी गोळी हरणाच्या आरपार जाते, जखमी जनावर मैलभर पळतं आणि कुठेतरी झुडपात तासन्‌तास तडफडतं. पैसे वाचवायचे म्हणून कुणी हे करू नये.

वरची ११ आणि न उडालेलं ते एक धरून १२९ शिल्लक आहेत. आमच्या गावचे पोलीस जुना दारूगोळा जमा करून घेतात, बुधवारी फोन करून नेऊन देईन. विकायला काढा असं एक मित्र म्हणाला. मी विकणार नाही.

हरणाच्या शिकारीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरचा इथला सण) नंतरच्या शनिवारी उघडतोय. सॉफ्ट पॉइंटचे दोन डबे आणलेत, त्यांच्यावर दुर्बीण नव्याने लावावी लागेल, कारण लष्करी गोळी माझ्या रायफलीतून दोन इंच डावीकडे लागायची. त्याआधी नळी गनस्मिथकडे जाणार आहे. तो आत कॅमेरा घालून बघणार. ठिपके वरवरचे असतील तर ठीक, खोल असतील तर नळी बदलावी लागेल, आणि तिची किंमत वाचलेल्या साडेचारशेच्या वर जाते. काय निघालं ते इथेच खाली जोडेन.